थकलेल्या आठवड्याच्या मापाचं कॉमिक

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही नाशिकला सीएंच्या ऑफिसात नोकरी करता. २६ जानेवारीपासून एक वेबकॉमिक, म्हणजे इंटरनेटवरची चित्रकथा, सुरू केलंत. पंचाहत्तरी ओलांडल्यावर एस.टी. मोफत झाली म्हणून पिशवी उचलून एकटीच गावोगाव हिंडणारी एक आजी, तिची ही गोष्ट. दर रविवारी एक भाग, भागात पंधरा-सोळा चौकटी, सगळ्या रंगीत. एप्रिलच्या बँक ऑडिटमध्येही रात्री जागून तुम्ही ते ओढलंत. तेवीस भाग झाले, जुलै उजाडला आणि थांबलं ते थांबलंच. आता ऑक्टोबर सरत आला. वाचक विचारतात, तुम्ही उत्तर देत नाही, आणि चित्रं काढायची टॅबलेट हातात घ्यायचीच धास्ती वाटते. शेवटी तुम्ही लिहिलंय, "दोन्हींतलं एक सोडावंच लागणार असेल तर कोणतं सोडू?"

माझ्या मते नोकरी आणि कॉमिक यांतलं काहीच सोडू नका. तुमची चूक मेहनतीत झालेली नाही, मापात झाली आहे. तुम्ही कॉमिक बेतलंत ते जानेवारीतल्या एका मोकळ्या आठवड्यावर. ते बेतायला हवं होतं सप्टेंबरच्या आठवड्यावर, रात्री साडेनऊला घरी येऊन ताटावरच डोळे मिटत होते त्या.

मी पुण्यात एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे, एकोणीस वर्षं झाली. पाळ्या बदलत्या, महिन्यात सहा-सात रात्रपाळ्या. घरी सासूबाई, नवरा आणि नववीतला मुलगा. २०१३ साली मी पहिलं कॉमिक सुरू केलं तेव्हा मुलगा अगदी लहान होता. मोठी कथा होती, शंभर भागांची आखलेली, जलरंगांसारखी रंगवलेली. अकरा भाग झाले आणि बंद पडली. तिच्यातली मुलगी शेवटच्या भागात ज्या पुलावर थांबली, अजून तिथेच उभी आहे, आणि तिला तिथे सोडल्याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून तुमचा प्रश्न वाचल्यावर उत्तर लिहिल्याशिवाय राहवलं नाही. त्यानंतर मी जे कॉमिक काढलं ते आठ वर्षं चालू आहे, आणि या आठ वर्षांत माझी नोकरी हलकी झालेली नाही.

पहिलं काम मोजणीचं. एका भागाला किती वेळ लागतो हे आपण अंदाजाने सांगतो आणि तो अंदाज नेहमी कमी असतो. मी एकदा मोबाइलचं घड्याळ लावून पंधरा चौकटींचा एक रंगीत भाग मोजला होता. लिहायला दीड तास, कच्च्या चौकटी मांडायला पाऊण तास, पेन्सिलीला तीन, शाईला साडेतीन, रंगाला चार, अक्षरं आणि संवादांचे फुगे यांना सव्वा तास, फाइली कापून चढवायला अर्धा. बेरीज साडेचौदा तास. मी तोवर सगळ्यांना "सात-आठ तास लागतात" असं सांगत होते. तुमचा आकडा वेगळा येईल, पण तो कागदावर येऊ द्या. मग सप्टेंबरचा एखादा आठवडा आठवा आणि त्यात खरोखर स्वतःचे म्हणता येतील असे तास किती होते ते शेजारी लिहा. माझ्या रात्रपाळीच्या आठवड्यात ते साडेतीन निघाले. साडेचौदा आणि साडेतीन हे दोन आकडे एकाखाली एक लिहिल्यावर मला पहिल्यांदा कळलं की मी आळशी नव्हते.

आता कापाकापी. इथे बरेच जण चुकीचा भाग कापतात: लिखाण घाईत उरकतात आणि रंगाला हात लावत नाहीत. माझा अनुभव उलट सांगतो. वाचक आजीसाठी येतो, ती कंडक्टरला काय म्हणते ते वाचायला येतो. सर्वांत आधी रंग जाऊ द्या. काळी रेघ आणि एकच रंग ठेवा. तुमच्याकडे तर तो तयारच आहे, एस.टी.चा लाल. सगळं काळं-पांढरं आणि बस तेवढी लाल, एवढ्यावर ही गोष्ट उभी राहील असं मला मनापासून वाटतं. त्यानंतर चौकटी. सोळाच्या जागी सहा करा. सहा चौकटींत एक प्रसंग नीट बसतो. बसत नसेल तर बहुतेक वेळा तो दोन प्रसंगांचा भाग असतो, आणि तुमच्या हाती आयते दोन आठवडे येतात.

चित्र साधं केल्याने वाचक जातो ही भीती काढून टाका. रँडल मन्रो यांचं एक्सकेसीडी (xkcd) हे इंग्रजी वेबकॉमिक २००५ पासून काड्यांच्या माणसांवर चाललंय, सोमवार, बुधवार, शुक्रवार असं आठवड्यातून तीनदा. त्या माणसांना चेहरेसुद्धा नसतात. काड्यांची माणसं काढा असं मी सांगत नाही, तुमच्या आजीच्या सुरकुत्या ही तुमची ताकद आहे, त्या ठेवा. फक्त सुरकुत्यांना वेळ मिळावा म्हणून बाकीचं कमी करा.

बाकीचं म्हणजे मुख्यतः पार्श्वभूमी. तुमचे तेवीस भाग मी ओळीने पाहिले. खिडकीची आडवी गजपट्टी, सीटची पाठ, वरचा सामानाचा रॅक हे तुम्ही दर भागात नव्याने काढलंय, एकेक रिव्हेट मोजून. हात उत्तम आहे, पण हे काम एकदाच करायचं असतं. एका रविवारी फक्त बस काढा, माणूस एकही नको. खिडकीशेजारची सीट बाजूने, मधल्या वाटेतून ड्रायव्हरकडे बघताना, मागच्या बाकावरून पुढे, आणि बाहेरून उभी बस. शिवाय स्टँडचा फलाट, चौकशीची खिडकी आणि रसवंती. सात चित्रं झाली. प्रत्येक वेगळ्या फाइलीत, माणसांसाठी वरचे लेयर मोकळे ठेवून. पुढच्या चाळीस भागांतल्या निम्म्याहून जास्त चौकटी या सात चित्रांवर उभ्या राहतील. गाव बदललं की खिडकीबाहेरचं तेवढं बदलायचं: कळवणला डोंगर, लासलगावला कांद्याचे ट्रॅक्टर.

यानंतरची गोष्ट मला माझ्या प्रयोगशाळेने शिकवली. सकाळी रक्ताचे नमुने येतात तेव्हा नेहमीचा एकेक नमुना घेऊन सुरुवातीपासून शेवटपर्यंत आम्ही नेत बसत नाही. सगळ्यांवर नंबर घालतो, सगळे एकत्र सेंट्रिफ्यूजला लावतो, मग सगळे मशीनवर. हात एका कामाला लागला की दहाव्या नळीपर्यंत तो आपोआप चालतो. कॉमिकचंही तसंच करा. एक भाग पूर्ण, मग दुसरा, असं नको. चार भाग लिहा, चारही मांडा, चारही पेन्सिलीने काढा, चारही शाईत घ्या. माझा सहा चौकटींचा एक भाग सुटा काढला तर पाच तास घेतो. चारच्या घाण्यात तोच साडेतीन तासांवर येतो. दर वेळी ब्रश शोधणं, फाइल उघडणं, आजीचं नाक नेमकं कसं होतं ते आठवणं, हे सगळं एकदाच होतं.

शिवाय यामुळे कामं थकव्याप्रमाणे वाटता येतात. लिखाण आणि चौकटींची मांडणी ताज्या डोक्याचं काम. माझं ते सुट्टीच्या दिवशी पहाटे होतं, घर उठायच्या आधी, चहाच्या पहिल्या कपाबरोबर. पेन्सिलीला डोकं अर्धं लागतं. शाई, रंग भरणं, चौकटींच्या कडा ही दमलेल्या संध्याकाळची कामं. रेडिओ लावून, मुलाच्या अभ्यासाशेजारी बसून ती होतात. रात्रपाळी करून आलेल्या दिवशी मी एकही नवी रेघ ओढत नाही, फक्त लाल भरते. दमलेल्या माणसाने कोऱ्या पानासमोर बसू नये, त्यातून टॅबलेटची धास्ती जन्माला येते. तुमची धास्ती तिथलीच असावी असं मला वाटतं. रात्री दहा वाजता तुम्ही स्वतःला नवा प्रसंग सुचवायला सांगत होतात.

सुचण्याची वेळ तशीही वेगळीच असते. बसमध्ये, भाजी निवडताना, रांगेत. एक छोटी वही जवळ ठेवा आणि फक्त संवाद लिहा, चित्र नको. आठवड्याला तीन-चार ओळी पुरतात.

एक सावधगिरी इथेच सांगते. ऑफिसातली माणसं, अशिलांच्या भानगडी, आकडे यांतलं काही कॉमिकमध्ये आणू नका, नाव बदलूनसुद्धा. मी रुग्णांबद्दल आजवर एक रेघ काढलेली नाही. कामाच्या वेळेत आणि ऑफिसच्या संगणकावर चित्र काढायचं नाही हेही पाळा. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार नोकरीच्या कामाचा भाग म्हणून केलेल्या कृतीची मालकी, वेगळा करार नसेल तर, साधारणपणे मालकाकडे जाते. तुमची आजी त्या कामाचा भाग नाही आणि तशी दिसायलाही नको. नेमणूकपत्रात बाहेरच्या कामाबद्दल काय लिहिलंय तेही एकदा वाचून ठेवा.

अक्षरांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण मराठी कॉमिकचा वेळ इथे गुपचूप गळतो आणि याबद्दल कोणी बोलत नाही. तुम्ही फुगा आधी काढता आणि मजकूर त्यात कोंबता. मग वेलांटी वरच्या कडेला टेकते, उकार खालच्या ओळीच्या रफारात अडकतो आणि तुम्ही अक्षर बारीक करत जाता. उलटं करा. आधी मजकूर, मग त्याभोवती फुगा. इंग्रजी कॉमिकमध्ये सगळी अक्षरं मोठ्या लिपीत एका उंचीची असतात, ओळी चिकटवल्या तरी चालतं. देवनागरीला वर आणि खाली दोन्हीकडे जागा लागते, म्हणून ओळींमधलं अंतर सॉफ्टवेअर देतं त्याहून वाढवा. एका फुग्यात बारा-पंधरा शब्दांपलीकडे जाऊ नका. १०८० पिक्सेल रुंदीच्या चित्रात मी अक्षराची उंची चाळीसच्या खाली येऊ देत नाही, आणि चढवण्याआधी सासूबाईंना मोबाइलवर वाचायला देते. त्यांनी चष्मा शोधला तर अक्षर वाढवायचं.

तुम्ही हाताने लिहिता. ते सुंदर दिसतं, पण भागामागे सव्वा तास खातं आणि चूक सापडली की पुन्हा लिहावं लागतं. 'कलम' किंवा 'बालू' हे फाँट मोफत मिळतात आणि दोन्ही कॉमिकला शोभतात. फाँट निवडताना ल आणि श निरखून बघा. काहींमध्ये ते हिंदी वळणाचे येतात. मजकुराची भाषा मराठी निवडली की ज्या फाँटांत सोय असते तिथे आपला पाकळीचा ल मिळतो. आजी मराठी बोलते, तिचा ल मराठीच दिसायला हवा. हाताने लिहिणं आवाजांसाठी राखून ठेवा: घंटीची 'टण् टण्', गिअरची 'खर्र'. तिथे तुमचं अक्षर चमकेल.

आता मुख्य दुरुस्ती, वेळापत्रकाची. दर रविवारी वर्षभर, हा नियम तुमच्या पेशाला कधीच झेपणारा नाही. तुमचं वर्ष तुम्हाला माहीत आहे: ३१ जुलैची विवरणपत्रं, ३० सप्टेंबरचे कर-लेखापरीक्षण अहवाल, ३१ ऑक्टोबरची ऑडिटवाल्यांची विवरणपत्रं, आणि वर मुदतवाढ मिळाली की तेच ओझं पुढे सरकतं. दर महिन्याला ११ आणि २० तारखेला जीएसटी. मार्चअखेर आणि एप्रिलचं बँक ऑडिट वेगळं. हे वर्ष समोर ठेवून पर्वं आखा. तुळशीचं लग्न झालं की पहिलं पर्व सुरू, फेब्रुवारीअखेर संपलं. बारा-चौदा भाग होतात. मे आणि जूनमध्ये छोटं दुसरं पर्व, सहा-सात भागांचं. जुलै ते ऑक्टोबर काही नाही, आणि हे वाचकांना आधीच जाहीर केलेलं.

वाचक इतके महिने थांबतील का, असं तुम्हाला वाटेल. मराठी वाचकाला वाट बघणं नवीन नाही. 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक निघाला १९०९ मध्ये, आणि तेव्हापासून आपल्याकडे घरंच्या घरं वर्षातून एकदा येणाऱ्या अंकासाठी थांबत आली आहेत. वाचकाला झोंबतं ते न सांगता गायब होणं. तारीख सांगून घेतलेली सुट्टी त्याला समजते, त्याची स्वतःचीही नोकरी असते.

पर्वाची दुसरी गंमत म्हणजे गोष्ट संपते. शंभर भाग आखू नका. बारा भागांत एक प्रवास, एक डेपो, एक माणूस भेटून सुटलेला. माझी पुलावरची मुलगी शंभर भागांच्या आशेवर अडकली. त्याऐवजी मी बारा-बारा भागांच्या आठ गोष्टी केल्या असत्या तर निदान तीन-चार तरी आज पूर्ण असत्या.

पर्व सुरू करण्याआधी हाताशी सहा भाग तयार हवेत. हा साठा खर्च करायचाच असतो: मूल आजारी पडतं, ऑफिसात नोटीस येते, लग्नाला गावी जावं लागतं. पण दोनच्या खाली साठा गेला की मी त्या आठवड्यात नवं काही चढवत नाही, जुन्या भागातली एखादी चौकट मोठी करून टाकते आणि आधी साठा भरते. हा एक नियम मी आठ वर्षं मोडलेला नाही.

घरच्यांशी बोलणं राहून जातं, विशेषतः आपल्या बाबतीत. बाईच्या हातात टॅबलेट दिसली की ती मोकळी आहे असं घर समजतं. मी बरीच वर्षं चोरून काढत होते, सगळं आवरून, साडेअकरानंतर. एक दिवस स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी माझे चित्राचे दोन वार लिहिले: गुरुवार संध्याकाळ आणि रविवार सकाळ. गुरुवारी पोळ्या बाहेरून येतात. सासूबाईंना सुरुवातीला आवडलं नाही. नंतर त्यांनाच कॅलेंडरवरून "आज तुझा वार ना" म्हणताना ऐकलं. तुमच्या घरची रीत मला माहीत नाही, पण भिंतीवर लिहिलेला वार मागावा लागत नाही एवढं खरं.

हात जपा. मी दिवसभर पिपेट दाबते आणि संध्याकाळी स्टायलस धरते, दोन्हींत अंगठाच. २०१७ मध्ये अंगठ्याच्या मुळाशी कळ सुरू झाली. मी तीन महिने मलम लावत ढकललं, शेवटी डॉक्टरांनी सहा आठवडे पट्टा बांधला आणि त्या काळात घरात साधी बाटली उघडता येत नव्हती. तुम्ही दिवसभर माउस आणि कीबोर्डवर असता, म्हणजे हात आधीच दमलेला. स्टायलसवर जाड रबरी नळी चढवा, लांब रेघ मनगटातून न ओढता कोपरातून ओढा, पंचवीस मिनिटांनी उठा. कळ आठवडाभर टिकली तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, माझ्यासारखं थांबू नका.

राहिला नोकरी सोडण्याचा विचार. मन्रो 'नासा'त कामाला होते. तिथलं कंत्राट २००६ मध्ये संपलं आणि ते पूर्णवेळ कॉमिककडे वळले. तोवर त्यांचे वाचक जगभर जमले होते आणि ते इंग्रजीत लिहीत होते. मराठी कॉमिकच्या वाचकांवर घरभाडं निघणं आज फार अवघड आहे, हे मी तुम्हाला प्रामाणिकपणे सांगायला हवं. मला जास्त जवळचा वाटतो तो वसंत सरवटे यांचा रस्ता. पेशाने स्थापत्य अभियंता, सिमेंट कंपनीत नोकरी, आणि तीच सांभाळून व्यंगचित्रं, 'ललित'ची मुखपृष्ठं, व्यंगचित्रकलेवरचं लेखन. २०१६ मध्ये ते गेले तेव्हा मराठी माणूस त्यांच्याबद्दल बोलला तो चित्रकार म्हणून. नोकरीने त्यांचं चित्र अडवलं नाही. तुमची नोकरीही आजीला एक मोठी गोष्ट देते: हा भाग चालला नाही तरी दूधवाल्याचे पैसे जाणार आहेत, म्हणून तिला वाचकांना खूश करत फिरावं लागत नाही.

आता या आठवड्यापुरतं. जुन्या प्रतिक्रियांना उत्तरं देत बसू नका. एकच चौकट काढा, लाल बस पाठमोरी, आणि खाली लिहा: 'आजीचा पुढचा प्रवास तुळशीच्या लग्नानंतर.' नोव्हेंबर लागताच एक रविवार बसच्या त्या सात चित्रांना द्या. पहिले सहा भाग तयार व्हायला वेळ लागला तर सुरुवात डिसेंबरात करा, तारीख तेवढी चौकटीत बदला.

पण त्या सगळ्याच्याही आधी एक काम आहे. तेविसाव्या भागात आजी सटाण्याच्या स्टँडवर पाणी प्यायला उतरली आणि बस तिची पिशवी घेऊन निघून गेली. गेले चार महिने तुमचे वाचक त्या पिशवीबद्दल विचारताहेत, आणि मीही त्यांतलीच एक आहे. बसमध्ये ती पिशवी पहिल्यांदा कोणाच्या हाताला लागते, ते आज रात्री वहीत लिहून ठेवा.